पाहुणे नसलेली डर्बी

कोल्हापुरात फुटबॉल संघांची नावं वाचली, तर कुस्तीचे आखाडेच आठवतात: पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. लाल मातीतली खुन्नस चेंडूच्या मागे मैदानात उतरली, इतकंच. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन 1940 ची. तिच्या लीगचे सामने शाहू स्टेडियमवर होतात आणि ते सगळ्याच पेठांचं घरचं मैदान. त्यामुळे ‘बाहेरचे प्रेक्षक’ म्हणजे फार तर शेजारच्या पेठेतले. मंगळवार पेठेतून, शिवाजी पेठेतून चालतच यायचं, आपापल्या बाजूला बसायचं आणि नव्वद मिनिटं शेजाऱ्याचा उद्धार करायचा. हरल्यावर तोंड लपवायला दुसरं गावही नाही. सकाळी मिसळीच्या टेबलावर तोच शेजारी.

कोलकात्यात मात्र मोहन बागान–ईस्ट बंगाल या दोन फुटबॉल क्लबांमधली रेघ घटी आणि बांगाल, म्हणजे मूळचे आणि पूर्वेकडून आलेले, अशी पडते. तिथे 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर त्यांच्या डर्बीत, म्हणजे एकाच शहरातल्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यात, दंगल उसळली, चेंगराचेंगरीत 16 प्रेक्षक गेले. कोल्हापुरातही हुल्लडबाजीनं सामने थांबले आहेत. पेठेचा अभिमान म्हणून त्यावर पांघरूण घालणं आता पुरे.