पोटापाण्याचे विज्ञान, लेखांक ६ : परत बोलावलेली मटकी

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत ‘डीप’ या नावाने विकली जाणारी गोठवलेली मोडाची मटकी आणि मूग बाजारातून परत मागवण्यात आले. कंपनी न्यू जर्सीतली, चेतक. वाई-साताऱ्याकडून तिकडे गेलेल्या कितीतरी घरांत रविवारची मिसळ अशाच पाकिटांवर होते. भिजवा, उपसा, फडक्यात बांधा, एवढा खटाटोप करायला सवड कुणाला? दहा राज्यांतले ११ जण साल्मोनेलाने आजारी पडले, चौघांना रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने कुणी दगावले नाही.

मुळात उणे १८ अंशांत जंतू जगलाच कसा? फ्रीझर जंतूंना मारण्यासाठी नसतोच. थंडीत काही मरतात, बाकीचे वाढायचे थांबतात, आणि पाकीट ओट्यावर वितळू लागले की पुन्हा कामाला लागतात.

त्यातून मोडाची गोष्ट आणखी अवघड. दाणा फुटायला जी ऊब आणि ओल लागते, तीच साल्मोनेलालाही मानवते. शेतात, खळ्यावर किंवा गोदामात शेणाचा, उंदराचा, पाखरांच्या विष्ठेचा संपर्क झाला, की दाण्याच्या बारीक भेगेत दोन-चार जंतू शिरतात. वरून धुऊन ते निघत नाहीत, आणि मोड येईपर्यंत त्यांची संख्या भरमसाट वाढलेली असते.

२०११ मध्ये जर्मनीत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. तिथला जंतू वेगळा, ई. कोलाय. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, ५०हून अधिक मेले. आळ आधी आला स्पेनच्या काकडीवर, आणि तिथल्या शेतकऱ्यांचा माल पडून राहिला. माग निघाला तो मोड आलेल्या मेथीचा. दाणे इजिप्तहून आलेले. चुकीच्या मालावर बोट ठेवले की काय होते, ते त्या काकडीवाल्यांना विचारावे.

उसळ रटरटून शिजली तर काळजी नाही. आतपर्यंत ७४ अंश तापली की साल्मोनेला टिकत नाही. धोका आहे तो कच्ची मटकी कोशिंबिरीत घालण्यात, किंवा पाकिटातले वितळलेले पाणी ज्या पाटावर सांडले त्याच पाटावर कोथिंबीर चिरण्यात. गोठवलेल्या कोथिंबिरीचेही तसेच. मटार गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढतात. कोथिंबिरीला ते केले तर वास जातो, म्हणून ती बहुधा कच्चीच गोठते आणि आपण ती शेवटी, गॅस बंद केल्यावर भुरभुरतो.

माल परत मागवण्याची तरतूद आपल्याकडेही आहे : २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यातले कलम २८ आणि त्याखालचे २०१७चे नियम. पण वाईच्या बाजारात पाटीतून वजनावर घेतलेल्या मोडाच्या मटकीला ना लॉट नंबर, ना उत्पादकाचे नाव. तिने कुणाचे पोट बिघडले तर माग काढायचा कुठून? म्हणून मला तरी परत मागवल्याची बातमी घाबरवण्यापेक्षा धीर देणारी वाटते. पाकीट सापडले, म्हणजे वाटही सापडते.

आपल्या घरात मात्र पाकीट फोडून माल डब्यात ओतायचा आणि वेष्टण कचऱ्यात टाकायचे, ही रीत. गोठवलेल्या मालापुरती तरी ती सोडावी. लॉट नंबरचा तुकडा कापून डब्यात ठेवला तरी पुरे. परत मागवलेला माल वास घेऊन, चव बघून पारखू नये. साल्मोनेलाला वासही नाही, चवही नाही.