‘वेब्स्टर’ : एका इंग्रजी आडनावाची व्युत्पत्ती

व्यवसायावरून पडलेली आडनावे व्युत्पत्तीच्या दृष्टीने सोपी समजली जातात. स्मिथ म्हणजे लोहार, बेकर म्हणजे भट्टीवाला, एवढे सांगितले की काम संपले असे वाटते. ‘वेब्स्टर’ ह्या आडनावाचा अर्थही ‘विणकर’ असा एका शब्दात सांगता येतो. परंतु ह्या नावाच्या शेवटी असलेला ‘-स्टर’ हा प्रत्यय मुळात स्त्रीवाचक आहे, आणि त्यावरून वेब्स्टर घराण्यांचा मूळ पुरुष हा पुरुष नसून एखादी विणकाम करणारी स्त्री असली पाहिजे, असे अनुमान काढले जाते. हे अनुमान आकर्षक आहे. तथापि भाषेचा इतिहास त्याला फारच थोडा आधार देतो.

प्राचीन इंग्रजीत विणणाऱ्या पुरुषाला ‘वेब्बा’ आणि विणणाऱ्या स्त्रीला ‘वेब्बे’ किंवा ‘वेब्बेस्त्रे’ म्हणत. ह्याच धर्तीवर रोटी भाजणारी ती ‘बॅकेस्त्रे’ आणि गाणारी ती ‘सांगेस्त्रे’. मराठीतील ‘कुंभारीण’, ‘सुतारीण’ ह्या शब्दांशी त्यांची तुलना करण्याचा मोह होईल. पण ‘सुतारीण’ म्हणजे बहुधा सुताराची बायको, मग तिने रंधा हाती धरलेला असो वा नसो. ‘वेब्बेस्त्रे’ ही मात्र स्वतः मागावर बसणारी स्त्री होय. डच भाषेत हा प्रत्यय आजही आपल्या मूळ अर्थाने जिवंत असून लेखिकेला तेथे ‘स्ख्रैफस्टर’ म्हणतात.

अशा शब्दांची त्या काळच्या इंग्लंडात गरज होती, कारण सूतकताई आणि विणकाम ही प्रामुख्याने स्त्रियांची कामे होती. इ. स. ८९९ मध्ये मृत्यू पावलेल्या आल्फ्रेड राजाने आपल्या मृत्युपत्रात वंशाच्या पुरुषशाखेस ‘भाल्याची बाजू’ आणि स्त्रीशाखेस ‘चातीची बाजू’ म्हटले आहे. पुढे अकराव्या ते तेराव्या शतकांत उभ्या मागाची जागा पायांनी चालविण्याच्या आडव्या मागाने घेतली, नगरांत कापडाचा धंदा वाढला आणि विणकाम पुरुषांच्या श्रेणींकडे गेले. लंडनच्या विणकरांच्या श्रेणीने राजाच्या खजिन्यात भरावयाच्या रकमेची नोंद ११३० च्या हिशेबात आढळते. ब्रिस्टल येथे तर १४६१ मध्ये विणकरांनी आपल्या बायकामुलींना मागावर बसवू नये असा नियमच झाला.

धंदा पुरुषांकडे गेला आणि त्याबरोबर स्त्रीवाचक नावही त्यांच्याकडे गेले, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. एक तर लिंगभेद विसरण्याची ही प्रक्रिया बरीच जुनी आहे. बायबलातील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या प्राचीन इंग्रजी भाषांतरात, ४० व्या अध्यायात, फारोचा बंदीत पडलेला भट्टीवाला ‘बॅकेस्त्रे’ ह्याच शब्दाने निर्दिष्ट आहे, आणि तो पुरुष आहे. दुसरे असे की विणकाम दक्षिणेतही पुरुषांकडे गेले. मग ‘वेब्स्टर’ हे नाव तेथील पुरुषांना का चिकटले नाही?

ह्या प्रश्नाचा उलगडा प्रादेशिक पुराव्यावरून होतो. गुस्टाफ फ्रान्सन ह्या स्वीडिश अभ्यासकाने ११०० ते १३५० ह्या काळातील व्यवसायवाचक आडनावांवर १९३५ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. दक्षिणेतील सॅक्सन प्रदेशांत ‘-स्टर’प्रत्ययान्त नावे मुख्यतः स्त्रियांना, तर उत्तर व पूर्वेकडील अँग्लियन प्रदेशांत ती मुख्यतः पुरुषांना लावलेली आढळतात, असे त्याने दाखविले. यॉर्कशायरच्या पश्चिम विभागातील १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्यांत पुरुषांच्या नावांपुढे ‘वेब्स्टर’ वारंवार येते. व्याकरणिक लिंगव्यवस्था इंग्रजीत प्रथम ढासळली तीही उत्तरेकडेच, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. जेथे नामांचे लिंग लवकर लोपले तेथे लिंगवाचक प्रत्ययाचे भानही लवकर बोथट झाले असावे, हे मत धंद्याच्या हस्तांतरावर सर्व भार टाकणाऱ्या मतापेक्षा अधिक पटण्यासारखे आहे.

म्हणजे ‘वेब्स्टर’ हे नाव स्त्री-पुरुष भेदापेक्षा बोलीभेद अधिक विश्वसनीयपणे सांगते. दक्षिणेत व पश्चिमेत त्याच विणकराचे ‘वेब’ झाले. कापड तुडवून घट्ट करणाऱ्याच्या बाबतीतही असेच दिसते : नैऋत्येस टकर, आग्नेयेस फुलर, उत्तरेस वॉकर. आणखी एक गंमत अशी की मध्ययुगीन इंग्रजीत अंत्य स्वर क्षीण होऊन ‘वेब्बा’ व ‘वेब्बे’ ही दोन्ही रूपे ‘वेब्ब’ अशी एकच झाली. (चॉसरच्या कँटरबरी कथांच्या उपोद्घातातील श्रेणीबद्ध कारागिरांत जो ‘वेब्ब’ आहे तो पुरुष आहे.) तेव्हा स्त्री पूर्वजा शोधावयाचीच झाली, तर ती वरवर पुरुषी दिसणाऱ्या ‘वेब’ ह्या नावाआडही दडलेली असू शकेल.

आईच्या नावावरून आडनाव पडणे इंग्लंडात अशक्य नव्हते. ‘टिलट्सन’ हे आडनाव ‘टिलट’ ह्या, मटिल्डा नावाच्या लाडक्या रूपावरून आले आहे. एखाद्या वेब्स्टर घराण्याची आद्य व्यक्ती स्त्री असूही शकेल. परंतु ते त्या घराण्याच्या कागदपत्रांवरून सिद्ध करावे लागेल, प्रत्ययावरून नव्हे.

प्रत्ययाची पुढील वाटचाल हेच दर्शविते. सूतकताई शेवटपर्यंत स्त्रियांकडे राहिली, म्हणून ‘स्पिन्स्टर’ हा शब्द स्त्रीवाचकच राहिला. आडनाव म्हणून तो रुजला नाही आणि सतराव्या शतकात अविवाहित स्त्रीची कायदेशीर संज्ञा बनला. अन्यत्र मात्र स्त्रीत्वाचा बोध इतका नाहीसा झाला की ‘सीमस्ट्रेस’, ‘साँगस्ट्रेस’ ह्या शब्दांत ‘-स्टर’ला फ्रेंचमधून आलेला दुसरा स्त्रीप्रत्यय जोडावा लागला. ‘गँगस्टर’मध्ये तर मागमूसही उरला नाही.

चौदाव्या-पंधराव्या शतकांपर्यंत आडनावे उत्तरेतही वंशपरंपरागत झाली आणि मागाशी त्यांचा संबंध तुटला. नाटककार जॉन वेब्स्टर हा गाड्या बनविणाऱ्याचा मुलगा होता. कनेक्टिकटच्या वसाहतीचा १६५६ मधील गव्हर्नर जॉन वेब्स्टर ह्याच्या वंशात कोशकार नोआ वेब्स्टर जन्मला. त्याचा अमेरिकन इंग्रजीचा कोश १८२८ मध्ये निघाला. त्यातील व्युत्पत्ती त्याने बायबलातील भाषोत्पत्तीच्या कल्पनेवर बेतल्या होत्या, आणि ग्रिम व बॉप ह्यांच्या संशोधनाची दखल घेतली नव्हती. १८६४ च्या आवृत्तीसाठी माह्न नावाच्या जर्मन पंडिताला त्या नव्याने लिहाव्या लागल्या.