मशीनले नही, साखयीले देखा!

कोणाची बाइक भारी यावर आपल्या होस्टेलमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद चालतात. तसाच वाद चेन सॉवरूनही होतो, हे मला गेल्या सुट्टीत पारोळ्याजवळ मामांच्या गावी कळलं.

वादळात शेतरस्त्यावर एक जुनी बाभूळ आडवी पडली होती. ती कापायला दोघं आले. जळगावकडच्या दादांकडे स्टिलची एमएस १८०, म्हणजे सुमारे ३२ सीसी आणि ४ किलो वजन. धुळ्याकडच्या आप्पांकडे ५८ सीसीचं, बिननावाचं स्वस्तातलं मशीन. आप्पा म्हणाले, "माझं ५८, तुझं ३२. हिशोब संपला!" खरं सांगते, मलाही ते पटलं.

पण झालं उलटंच. दादांचं मशीन शांतपणे लाकडात उतरत गेलं. आप्पांचं नुसतंच ओरडत आणि धूर काढत होतं, आणि आप्पा ते जीव खाऊन दाबत होते. दादांनी हसून खाली बोट दाखवलं. त्यांच्या पायाशी जाडसर कीस पडला होता, आप्पांच्या पायाशी पीठ. "मशीनले नही आप्पा, साखयीले देखा."

यामागचं इंजिनिअरिंग सोपं आहे. साखळीवर एक दात डावा, एक उजवा असतो. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती डावीकडे-उजवीकडे कुरतडत पुढे जाते. त्यावरून त्याने साखळीचे दात बनवले, आणि आजच्या साखळ्याही त्याच तत्त्वावर चालतात. प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा असतो. दात किती खोल चावणार हे तो ठरवतो. आपण दाताला कानस मारतो, उंचवट्याला विसरतो. मग तो उंच राहतो आणि दात लाकडाला नीट लागतच नाही. त्याची उंची दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटरने कमी हवी.

मग सीसीला अर्थच नाही का? आहे ना! साताठ इंची फांदीला ३२ सीसी पुरतात. पण सातपुड्यातल्या अंजनासारख्या कठीण लाकडाचा जाड बुंधा असेल, तर लांब पट्टी आणि ती ओढायला ताकद हवी. तिथे ७२ सीसीच्या एमएस ३८२ सारखं मशीन लागतं. ते पट्टीशिवायच ६ किलोच्या वर जातं. दिवसभर हातात धरून बघा!

दुसरी गोष्ट तेलाची. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे, पेट्रोलमधलं तेल हेच त्याचं वंगण. कंपनीचं चांगलं तेल असेल तर ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. बाइकच्या इंजिनमधलं फोर-स्ट्रोक तेल इथे चालत नाही. साखळीचं तेल वेगळं, त्याची टाकीही वेगळी. तिथे गाडीचं काढलेलं काळं तेल ओतायचं नाही.

आता महत्त्वाचं. आप्पांच्या पट्टीचं टोक मागे लपलेल्या फांदीला लागलं आणि मशीन उसळून त्यांच्या खांद्याजवळून गेलं. याला किकबॅक म्हणतात. टोकाच्या वरच्या भागात दात लाकडात अडकला, की पट्टी वर आणि मागे फेकली जाते. मी नंतर गणित केलं: सात दातांचं स्प्रॉकेट, ३/८ इंच पिच, ९००० आरपीएम. साखळीचा वेग येतो सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर! अशा वेळी हँडलपुढचा गार्ड मनगटाने पुढे ढकलला गेला, की चेन ब्रेक क्षणात साखळी थांबवतो. आप्पांचा गार्ड तुटलेला होता, तारेने बांधलेला.

कोणी काही बोललं नाही. दादांनी दोन्ही मशीन बंद केली. "आप्पा, गार्ड बसल्याबिगर हे चालू करायचं नाही." आप्पांनी मान हलवली. उरलेली बाभूळ दोघांनी एकाच मशीनने, आळीपाळीने कापली.

आणि हो, झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी साग, मोह, चिंच, आंबा अशी झाडं तोडायला १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमानुसार परवानगी लागते. तेव्हा मशीन घेताना सीसी नंतर विचारा. आधी ब्रेक ओढून बघा, मग साखळी, आणि मग किंमत!