ट्रक न थांबवता धूर मोजण्याची युक्ती

पीयूसी असलेला ट्रक आंबा घाटात काळा धूर का ओकतो? साखरप्याच्या पुढे चढणीला ट्रकमागे अडकलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. पीयूसीच्या वेळी डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये उभी असते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि धूर प्रकाश किती अडवतो ते पाहायचं, एवढीच ती चाचणी. तिथे ना चढण, ना हौद्यातला माल. नायट्रोजन ऑक्साइड तर मोजलेच जात नाहीत.

पण चालत्या ट्रकचा धूर मोजायचा कसा? नळीबाहेर पडताच तो वाऱ्यात विरतो. यावर फार देखणा तोडगा काढला डेन्व्हर विद्यापीठातल्या डोनाल्ड स्टेडमन या रसायनशास्त्रज्ञाने, 1980 च्या दशकात. रस्त्यावर आडवा अवरक्त किरणांचा झोत सोडायचा, गाडी त्यातून गेली की मागच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड आणि प्रदूषक एकदमच मोजायचे आणि त्यांचं गुणोत्तर काढायचं. कोकम सरबतात कितीही पाणी ओता, चव फिकी होईल, पण आगळ आणि साखर यांचं आपसातलं प्रमाण हलणार नाही. धुराचंही तसंच! लिटरभर डिझेल जळलं की सुमारे 2.6 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणून या गुणोत्तरावरून इंधनामागे किती प्रदूषण, हा हिशेब लगेच मांडता येतो. नायट्रिक ऑक्साइडसाठी पुढे अतिनील किरणांची जोड मिळाली.

स्टेडमन यांच्या मोजणीत साधारण 10 टक्के गाड्या निम्मा कार्बन मोनॉक्साइड सोडताना सापडल्या. सरसकट तपासणीपेक्षा या गाड्या हुडका, असा त्यांचा आग्रह होता. एवढ्या मोलाच्या माणसाचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, याची खंत वाटते.

2020 पासूनच्या बीएस-6 ट्रकांनाही ही मोजणी हवीच. त्यांच्यातल्या बहुतेकांत युरियाचं द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साइड निष्प्रभ केले जातात, पण त्यासाठी धूर सुमारे 200 अंशांपर्यंत तापलेला लागतो. पेट्रापोलच्या सीमानाक्यावरची रांग असो की हातखंब्याची कोंडी, इंजिन नुसतं घुरघुरत राहिलं की धूर थंडावतो आणि ही यंत्रणा ढिली पडते.

दिल्ली आणि गुरुग्राममध्ये अशी मोजणी झाली आहे. आता ती घाटाच्या पायथ्याशी व्हावी. सर्वाधिक धूर सोडणारे ट्रक आधी शोधून त्यांचे इंजेक्टर आणि एअर फिल्टर दुरुस्त करून घेतले, तर घाटाखालच्या गावांची हवा लवकर सुधारेल.