दुबईचे घड्याळ

आमच्या आळीतला पोरगा दुबईला कामाला गेला. तिकिटावर छापले होते, मुंबईहून सुटणार १० वाजता, दुबईला पोचणार ११॥ ला. बारा वाजून गेले, फोन नाही. त्याची आई उंबऱ्यातच बसून राहिली. आम्हीही घाबरलो.

दुबई अरबी समुद्रापलीकडे, सुमारे १,९०० किलोमीटर. विमानाला तीन तास लागतात. मग तिकिटावर दीडच कसा? दुबई आपल्या पश्चिमेला. तिकडे सूर्य मागाहून उगवतो, म्हणून तिथले घड्याळ आपल्या दीड तास मागे. तिकिटावर ज्या त्या गावची वेळ असते. तिथे साडेअकरा म्हणजे आपल्याकडे दुपारचा एक!

उतरल्यावर तपासणीलाही वेळ जातो. दोनला फोन आला, मग माऊली जेवली.

येताना उलटे. तिथून १० ला निघालेले विमान मुंबईला २॥ ला उतरते.