सोडायचं म्हणजे नेमकं काय?

नांदगाव पेठेतल्या या व्याख्यानात आपण एकच पाली शब्द समजून घेऊ : उपादान. त्याचा एक अर्थ घट्ट धरून ठेवणं, दुसरा सरपण. चुलीत सरपण सारत राहिलो, तर आग विझणार कशी?

बुद्धांनी उपादानाचे चार प्रकार सांगितले : विषयसुखाला, मताला, कर्मकांडाला आणि ‘मी’ला धरून बसणं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या आणि वऱ्हाडातल्या कित्येक घरांतले देव्हारे रिकामे झाले. कर्मकांडाची पकड तिथं सुटली.

मत आणि ‘मी’ मात्र सुटता सुटत नाहीत. ‘आमचाच गट खरा’ म्हणत आपण एकाच वस्तीत दोन जयंत्या करतो. मज्झिम निकायात बुद्ध धम्माला तराफ्याची उपमा देतात. तराफा नदी पार करायला असतो, पलीकडे गेल्यावर डोक्यावर मिरवायला नसतो.

सोडणं म्हणजे घरदार टाकणं नव्हे, हक्काची लढाई टाकणंही नव्हे. लेकरावर माया करावी. त्यानं आपल्याच मनासारखं व्हावं, हा हट्ट सोडावा. अन्यायाशी भांडावं, द्वेषाला सरपण घालू नये.