प्रत्यक्ष सामना, पण किंचित् उशिरां

१८ डिसेंबर २०२२ रोजीं कतारमध्यें झालेला विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना भारतांत जिओसिनेमावरून विनामूल्य पाहतां आला. ३-३ अशा बरोबरीनंतर अर्जेंटिनानें फ्रान्सला पेनल्टींवर ४-२ असें हरविलें. अशा सामन्यांत शेजारच्या दूरचित्रवाणीवर गोलाचा जल्लोष व्हावा आणि आपल्या फोनवर चेंडू अद्याप मध्यरेषेवरच असावा, यांत नवल नाहीं.

इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राचे प्रथम कांहीं सेकंदांचे तुकडे करितात. ते ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर जातात, आणि आपलें यंत्र त्यांपैकीं कांहीं सांठवून मगच खेळ दाखवूं लागतें. हा सांठा घरांतील भरलेल्या रांजणासारखा होय. नळ क्षणभर थांबला तरी पाणी अडत नाहीं. सांठा मोठा असेल तर चित्र खंडत नाहीं, पण विलंब वाढतो.

म्हणून सामन्यापूर्वीं आपल्या देशांतील प्रक्षेपणाचे हक्क कोणत्या सेवेकडे आहेत तें पाहावें, कारण ते देशोदेशीं निराळे असतात. घरांत सर्वांनीं एकाच पडद्यावर खेळ पाहावा, आणि तेवढा वेळ फोनवरील संदेश बंद ठेवावे. अर्ध्या मिनिटानें उशिरां दिसलेला गोलहि आपल्यापुरता ताजाच असतो. मात्र तो कोणी आधीं सांगतां कामा नये.